मशीन बदललं की कार्डांचे हक्क बिघडतात: परवानगीच्या फाइलचं निदान आणि दुरुस्ती

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल. कार्ड लावून दार उघडणारी यंत्रणा आहे, प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला आहे, आणि कुणाला कोणतं दार उघडायचं याची यादी एका फाइलमध्ये साठवलेली आहे. संगणक बदलला, किंवा जुना बॅकअप परत आणला, की बरीच कार्डं 'अनोळखी' ठरतात. जी थोडी ओळखली जातात त्यांना नको ती दारंही उघडतात, आणि मुदत संपलेली कार्डं बिनदिक्कत चालतात. प्रोग्रॅम मात्र एकही चूक दाखवत नाही. सगळी कार्डं नव्याने नोंदवली की सारं सुरळीत होतं आणि पुढच्या बदलीला तेच पुन्हा घडतं.

इंदूरला भंवरकुआच्या बाजूला स्पर्धा परीक्षांची मुलं शेकड्यांनी राहतात. तिथल्या एका अभ्यासिकेची यंत्रणा मी सांभाळतो. मूळ प्रोग्रॅम दुसऱ्या कुणी लिहून दिला होता. माझ्याकडे काम आलं तेव्हा हा त्रास एकदा होऊन गेला होता आणि 'कार्डं परत नोंदवा' हाच त्यावरचा उपाय ठरून गेला होता. दुसऱ्यांदा झाला तेव्हा रात्री दहाला मुलींच्या हॉलवर देखरेख करणाऱ्या ताईंचा फोन आला.

"दादा, आत्ता एक मुलगा सरळ आमच्या हॉलमध्ये आला. कार्ड लावलं आणि दार उघडलं. तो बिचारा स्वतःच घाबरला."

"ताई, त्याचं कार्ड ठेवून घेतलंत का?"

"ठेवलंय. पण मुली आता बसायला तयार नाहीत."

रामबागेतून निघून मी वीस मिनिटांत तिथे पोचलो. पहिलं काम म्हणजे यंत्रणा बंद करून दारावर माणूस बसवणं. तुम्हीही हेच करा. निदान नंतर होतं. चुकीचं दार उघडं राहिलेलं परवडत नाही.

त्या दिवशी दुपारी ऑफिसच्या संगणकाची डिस्क गेली होती आणि काकांनी, म्हणजे अभ्यासिकेच्या मालकांनी, पेनड्राइव्हवरचा जुना बॅकअप परत आणला होता. तो बॅकअप आधीच्या ३२ बिटी इंटेल संगणकावरचा. आत्ताचा संगणक ६४ बिटी. काका म्हणाले, "अरे, फाइल तर तीच आहे. नाव तेच, आकार तोच. मग बिघडलं काय?"

फाइल खरंच तीच होती, तिचा एक बाइटही बदललेला नव्हता. वाचणारा बदलला होता.

फाइलमध्ये काय होतं

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कार्डाचं एक स्ट्रक्चर, म्हणजे एकत्र ठेवलेल्या खान्यांचा गठ्ठा, होतं. त्यात क्रमाने चार गोष्टी: कार्ड क्रमांक ४ बाइट, मुदत ८ बाइट (१९७० पासूनचे सेकंद), दारांचा आकडा २ बाइट, आणि कार्डाची स्थिती एका 'कॅर'मध्ये, म्हणजे १ बाइट. दारांच्या आकड्यात मुख्य दाराचा १, मुलांच्या हॉलचा २, मुलींच्या हॉलचा ४, लॉकरचा ८, ऑफिसचा १६, अशी बेरीज. स्थिती ० म्हणजे चालू, उणे १ म्हणजे कार्ड रद्द. आणि हे स्ट्रक्चर मेमरीत जसं पडलं असेल तसंच उचलून, एफराइट या सीमधल्या लिहिण्याच्या फंक्शनने, फाइलमध्ये ओतलेलं. सगळ्याचं मूळ या शेवटच्या वाक्यात आहे.

स्ट्रक्चर मेमरीत कसं पडेल हे तुमचा सोर्स कोड एकटा ठरवत नाही. त्या प्रोसेसरसाठी आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ठरलेले मांडणीचे नियम ते ठरवतात. ३२ बिटी इंटेलवरच्या लिनक्समध्ये स्ट्रक्चरमधला ८ बाइटांचा आकडा ४ च्या पटीतल्या जागेवर बसला तरी चालतो. त्यामुळे मुदत चौथ्या बाइटपासून, दारं बाराव्यापासून, स्थिती चौदाव्यावर, आणि शेवटी १ बाइट रिकामा: एक नोंद १६ बाइटांची. ६४ बिटी इंटेलवर तोच आकडा ८ च्या पटीतच बसावा लागतो. म्हणून कार्ड क्रमांकानंतर ४ बाइट रिकामे सुटतात, मुदत आठव्यापासून, दारं सोळाव्यापासून, स्थिती अठराव्यावर, आणि एक नोंद २४ बाइटांची होते. सोर्स कोड मात्र अक्षरशः तोच.

हे '३२ विरुद्ध ६४' एवढंच आहे असं समजू नका. ३२ बिटी एआरएम प्रोसेसर, म्हणजे जुन्या 'रास्पबेरी पाय' या चिमुकल्या संगणकावरची सिस्टिम, हीसुद्धा ८ बाइटांचा आकडा ८ च्या पटीतच ठेवते. म्हणजे दोन्ही ३२ बिटी असूनही इंटेलवर १६ आणि एआरएमवर २४.

आता ती फाइल ओडी कमांडने, बाइट दशमान आकड्यांत दाखवायला सांगून, बघा. पहिली नोंद आणि दुसरीचा आरंभ असा होता:

२४५ ६१ ११२ ० | ३९ २२३ २३४ १०३ ० ० ० ० | ३ ० | ० | ०
२३ ६२ ११२ ० | …

उभ्या रेषा मी घातल्या आहेत. आकड्याचा लहान भाग आधी असतो, म्हणून पहिले चार बाइट म्हणजे २४५ अधिक ६१ गुणिले २५६ अधिक ११२ गुणिले ६५५३६, अर्थात कार्ड ७३५५८९३. पुढचे आठ म्हणजे १७४३४४५७९९, अर्थात ३१ मार्च २०२५ची मध्यरात्र होण्याआधीचा शेवटचा सेकंद. दारं ३, म्हणजे मुख्य दार आणि मुलांचा हॉल. स्थिती चालू.

६४ बिटी प्रोग्रॅम हेच बाइट त्याच्या पद्धतीने वाचतो. कार्ड क्रमांक बरोबर येतो, कारण तो दोन्हीकडे आरंभीच आहे. मुदत तो आठव्या बाइटपासून घेतो: ० ० ० ० ३ ० ० ०. वरच्या चार बाइटांच्या जागी दारांचा ३ बसला, म्हणजे ३ गुणिले ४२९४९६७२९६ इतके सेकंद. ते साल येतं २३७८. मुदत संपलेली कार्डं चालत होती ती अशी. दारं तो सोळाव्या बाइटपासून घेतो, आणि तिथे पुढच्या मुलाचं कार्ड सुरू होतं: २३ ६२. त्यातले २३ म्हणजे १६ अधिक ४ अधिक २ अधिक १. ऑफिस, मुलींचा हॉल, मुलांचा हॉल, मुख्य दार. ताईंच्या हॉलचं दार त्या मुलाला उघडलं, कारण यादीत त्याच्यामागच्या मुलाच्या कार्डाचा क्रमांक ७३५५९२७ होता. दुसरं काही कारण नव्हतं.

हे लक्षात आलं तेव्हा मी कागदावर यादी काढून पडताळलं. ज्या ओळखल्या गेलेल्या कार्डाच्या पुढचं कार्ड विषम क्रमांकाचं, त्यालाच मुख्य दार उघडत होतं. आणि ओळखली जाणारी कार्डं नेमकी पहिलं, चौथं, सातवं, दहावं… अशी दर तिसरं. १६ आणि २४ यांचा लसावि ४८ आहे. दर ४८ बाइटांनी दोन्ही मांडण्यांची सुरुवात एकत्र येते, आणि ४८ बाइटांत जुन्या तीन नोंदी मावतात. तुमच्याकडेही दर तिसरं, दर पाचवं असा ठेका दिसला तर व्हायरस, वायरिंग, कार्ड रीडर यांच्या मागे लागू नका. नोंदीची लांबी तपासा.

चूक का दिसली नाही? कार्डं ३००, म्हणजे फाइल ४८०० बाइटांची. ४८०० ला २४ ने भागलं तर २००, बाकी शून्य. लॉगमध्ये '२०० नोंदी वाचल्या' असं शांतपणे लिहिलेलं होतं, आणि ३०० च्या जागी २०० का हे कुणी विचारलं नव्हतं.

तिसरी खेप: रद्द कार्डं उघडू लागली

मी त्या रात्री जुन्या फाइलमधली प्रत्येक जागा मोजून नवी फाइल बनवली आणि काम भागवलं. तिथेच मूळ रचना बदलायला हवी होती. ती न बदलता, दोन महिन्यांनी, दाराजवळ रास्पबेरी पाय बसवला. या वेळी नोंद दोन्हीकडे २४ बाइटांचीच होती, सगळी कार्डं ओळखली गेली, मुदती बरोबर, दारं बरोबर. मी निश्चिंत झालो. बरेच दिवस कुणाला कळलं नाही की रद्द केलेली कार्डं चालत आहेत. हरवलेलं म्हणून रद्द केलेलं एक कार्ड कुणीतरी परत आणून दिलं आणि ताईंनी सहज दाराला लावून पाहिलं, तेव्हा उघड झालं.

कारण एका ओळीचं. स्थिती शून्यापेक्षा कमी असेल तर दार उघडू नको, अशी अट होती, आणि स्थिती होती नुसत्या 'कॅर'मध्ये. 'कॅर' उणे आकडे धरतो की नाही हे सी भाषेने प्रत्येक प्रणालीवर सोडलं आहे. इंटेलवर धरतो. एआरएमवरच्या लिनक्समध्ये धरत नाही. उणे १ तिथे २५५ होतो, आणि २५५ शून्यापेक्षा कमी कधीच नसतो. अट कधी खरी होतच नव्हती. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्यांनीही हा घोळ कायमचा मिटवण्यासाठी २०२३ मधल्या ६.२ आवृत्तीपासून सगळ्याच प्रोसेसरांवर 'कॅर' बिनउणा धरायला सुरुवात केली. आपण मात्र सुरक्षेच्या नोंदीत नुसता 'कॅर' ठेवूच नये. किती बिटांचा, उणा चालणारा की न चालणारा, हे स्पष्ट लिहावं.

त्यासोबत मी रचनाही उलटी केली: ० म्हणजे बंद, १ म्हणजे चालू, आणि दुसरा कोणताही आकडा आला तर बंद. आधीच्या रचनेत ० म्हणजे चालू होतं, म्हणजे कोरी, पुसलेली, अर्धवट वाचलेली प्रत्येक नोंद 'चालू' ठरत होती. सुरक्षेच्या रचनेत शून्याचा अर्थ नेहमी 'नाही' असावा, असं माझं ठाम मत आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम हे कसं सोडवतात

ज्यांना हा प्रश्न आपल्या आधी कितीतरी वर्षं पडला त्यांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. विंडोजमध्ये, एनटीएफएस या तिच्या नेहमीच्या डिस्क-रचनेवर, प्रत्येक फाइलला एक सुरक्षा-वर्णन असतं: मालक कोण, गट कोणता, कुणाला काय परवानगी. त्याची दोन रूपं आहेत. मेमरीत काम करताना वापरायच्या रूपात मालक, गट आणि परवानग्यांच्या याद्यांचे पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, असतात. हे रूप ३२ बिटीवर २० बाइटांचं आणि ६४ बिटीवर ४० बाइटांचं. पण डिस्कवर लिहायच्या किंवा दुसऱ्या मशीनकडे पाठवायच्या रूपात पॉइंटर नसतातच. त्यांच्या जागी 'माझ्या आरंभापासून इतक्या बाइटांवर' असे ४ बाइटांचे आकडे असतात, आणि त्याचं डोकं, म्हणजे आरंभीचा ठरलेला भाग, सगळीकडे २० बाइटांचंच राहतं. पॉइंटर हा घरातला पत्ता. घर बदललं की तो निरर्थक.

त्याच विंडोजमधली खातेओळख, एसआयडी, बाइटांच्या क्रमाबद्दल शिकवण्यासाठी फार चांगली आहे. प्रशासकांच्या गटाची ओळख एस-१-५-३२-५४४. तिचे सोळा बाइट असे:

१ २ ० ० ० ० ० ५ ३२ ० ० ० ३२ २ ० ०

पहिला १ ही आवृत्ती, पुढचा २ म्हणजे शेवटी दोन उप-आकडे आहेत. मग सहा बाइटांत ५ हा आकडा, मोठं स्थान आधी, म्हणून ५ अगदी शेवटी. पुढचे ३२ आणि ५४४ मात्र लहान स्थान आधी: ३२ २ म्हणजे ३२ अधिक २ गुणिले २५६, झाले ५४४. एकाच ओळखीत दोन्ही क्रम! आपल्याला याचं नवल वाटायला नको. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर बोलतो, लिहिताना उलट. आणि 'एकशे पंचवीस' म्हणताना शंभर आधी, मग एकक, मग दशक. मराठी माणूस चुकत नाही, कारण क्रम सगळ्यांना ठाऊक आणि ठरलेला आहे. फाइलमधल्या आकड्यांचंही तेच: कोणता क्रम घेतला याला फारसं महत्त्व नाही, तो लिहून ठरवलेला हवा.

लिनक्सने फाइलवरच्या परवानगी-यादीसाठी हेच केलं. यादीसोबत ४ बाइटांत आवृत्ती, मग प्रत्येक नोंद ८ बाइटांची: प्रकार २, परवानगी २, वापरकर्ता क्रमांक ४, सगळं लहान स्थान आधी. आयबीएमच्या मेनफ्रेमवर, जिथे प्रोसेसर स्वतः मोठं स्थान आधी ठेवतो, तिथेही हेच बाइट लिहिले जातात. कर्नल वाचताना उलटवून घेतो.

पण सगळं सरळ आहे असं नाही. लिनक्सवर लॉगिनची नोंद ठेवणारी जुनी फाइल, जी 'लास्ट' कमांड वाचते, ती याच रोगाने ग्रस्त आहे. ६४ बिटी इंटेलवर तिची एक नोंद ३८४ बाइटांची, ६४ बिटी एआरएमवर ४०० बाइटांची. तपासासाठी इंटेल सर्व्हरवरची ती फाइल एआरएमच्या मशीनवर नेऊन वाचलीत तर नावं आणि वेळा यांची खिचडी मिळेल, आणि तुम्हाला वाटेल की कुणी लॉगमध्ये फेरफार केली. आधी ती ज्या मशीनची आहे तिथेच वाचा.

दुरुस्ती

बरेच जण सुचवतील की स्ट्रक्चरला 'पॅक्ड' लावा, रिकाम्या जागा जातील. मी ते केलं नाही. त्याने बाइटांचा क्रम सुटत नाही, 'कॅर'चा घोळ सुटत नाही, आणि आतल्या आकड्याचा पॉइंटर घेऊन कुठे दिलात तर आकडा नको त्या जागी बसल्यामुळे काही प्रोसेसरांवर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो.

मी केलं ते असं. मेमरीतलं स्ट्रक्चर प्रोसेसरला आवडेल तसं राहू दिलं आणि फाइलसाठी वेगळी, बाइटांनी ठरलेली मांडणी लिहून काढली. आरंभी १६ बाइटांचं डोकं: ओळखीचे ४ बाइट, आवृत्ती २, नोंदीची लांबी २, नोंदींची संख्या ४, राखीव ४. मग प्रत्येक नोंद १६ बाइटांची. शेवटी ३२ बाइटांची एचमॅक सही, म्हणजे गुप्त किल्ली वापरून फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा; ती किल्ली फक्त रूटला, म्हणजे सिस्टिमच्या प्रशासकाला, वाचता येते. साधा सीआरसी, म्हणजे किल्लीशिवाय काढलेला पडताळणीचा आकडा, अपघाती बिघाड पकडतो. मुद्दाम दारांचा आकडा बदलणारा माणूस सीआरसीही नवा काढून ठेवेल. ३०० कार्डांची फाइल आता ४८४८ बाइटांची असते. लांबी, संख्या, आवृत्ती, सही यांपैकी एकही जुळलं नाही तर प्रोग्रॅम फाइल नाकारतो, कोणतंही दार कार्डाने उघडत नाही आणि ताईंच्या फोनवर निरोप जातो. आत अडकायला नको म्हणून बाहेर पडण्याचं बटण या सगळ्यापासून स्वतंत्र ठेवलं आहे.

आकडा लिहिताना एकेक बाइट वेगळा काढून लिहायचा, वाचताना जोडायचा. इथे एक खड्डा आहे. वाचलेला बाइट २४ बिटांनी सरकवण्याआधी त्याला ६४ बिटी बिनउण्या आकड्यात घ्या. नाहीतर १२८ किंवा त्याहून मोठा बाइट उण्या चिन्हाच्या जागी जाऊन बसतो, आणि मग वरचे चारही बाइट २५५ ने भरतात. माझी मुदत एका चाचणीत अशीच अब्जावधी वर्षं पुढे गेली होती.

जुनी फाइल बदलून घेताना ती १६ ची आहे की २४ ची हे आधी ठरवा. रिकामे बाइट शून्य आहेत का हे बघून ठरवू नका, कारण ते शून्य असतीलच याची हमी नाही. चौथ्या बाइटपासून वाचलेली मुदत शक्य कोटीतली तारीख देते की आठव्यापासूनची, ते बघा.

त्या रिकाम्या बाइटांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिने मी खरोखर अस्वस्थ झालो. २४ च्या फाइलमध्ये प्रत्येक नोंदीच्या शेवटी पाच बाइट रिकामे होते. काही नोंदींत तिथे ४८ ते ५७ मधले आकडे दिसले, म्हणजे अंकांची अक्षरं. ते विद्यार्थ्यांच्या मोबाइल क्रमांकांचे तुकडे होते. मेमरीत त्या जागी आधी नोंदणीचा अर्ज होता. नवं स्ट्रक्चर भरताना फक्त त्या चार खान्यांत लिहिलं गेलं, मधल्या फटींत जुनंच उरलं, आणि एफराइटने ते पेनड्राइव्हवर नेलं. मुलींचे क्रमांकही त्यात होते. कर्नलमध्येही अशाच फटींतून आतली माहिती बाहेर गेल्याच्या चुका वेळोवेळी सापडल्या आणि दुरुस्त झाल्या आहेत. स्ट्रक्चर वापरण्याआधी पूर्ण शून्याने भरा, आणि जुने बॅकअप नुसते डिलीट न करता नीट पुसून टाका. आम्ही ते दोन पेनड्राइव्ह फोडूनच टाकले.

एआरएमवर नेताना आणखी एक तपासा. दार बघणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक, यादी वाचत असताना दुसरा थ्रेड तीच यादी जागच्या जागी बदलत असेल, तर इंटेलवर वर्षानुवर्षं निभावलेला कोड एआरएमवर दगा देऊ शकतो. एकाने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने दुसऱ्याला ते दिसेल, याची हमी एआरएम आपणहून देत नाही. नवी यादी बाजूला पूर्ण तयार करा आणि शेवटी फक्त पॉइंटर बदला, तोही रिलीज-अक्वायर पद्धतीने, म्हणजे ज्याला नवा पॉइंटर दिसेल त्याला त्याआधीचं सगळं लिखाणही दिसेलच अशा रीतीने. लिनक्स कर्नल प्रोसेसचे हक्क बदलताना हेच करतो: प्रत काढतो, प्रतीत बदल करतो, मग एकदम लागू करतो.

चाचणी

एकच नमुना यादी घेऊन ३२ बिटी इंटेल, ६४ बिटी इंटेल, दोन्ही एआरएम, आणि क्यूएमू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) वापरून एस३९०एक्स या आयबीएम मेनफ्रेमच्या, उलट्या क्रमाच्या प्रोसेसरवर फाइल बनवा. पाचही फाइलींचा शा-२५६, म्हणजे फाइलच्या बाइटांवरून काढलेला ठसा, सारखा आला पाहिजे. एस३९०एक्सचं मशीन इंदुरात आपल्याला कुणी देणार नाही, पण क्यूएमू फुकट आहे आणि क्रमाची चूक पहिल्याच मिनिटात दाखवतो. नमुन्यात १२८ पेक्षा मोठे बाइट असलेली कार्डं, मुदत संपलेलं एक आणि रद्द केलेलं एक कार्ड घ्यायला विसरू नका. सगळी चालू कार्डं घेऊन केलेल्या चाचणीत माझा 'कॅर'चा दोष कधीच पकडला गेला नसता.

परत आणून दिलेलं ते रद्द कार्ड आता ताईंच्या टेबलाच्या खणात असतं. दर महिन्याच्या एक तारखेला, आणि मशीनला कुणीही हात लावला की त्याच दिवशी, त्या ते सगळ्या दारांना लावून बघतात आणि लाल दिवा लागला की वहीत वेळ लिहितात. मागच्या महिन्यात पायवर ६४ बिटी सिस्टिम टाकली. संध्याकाळी वहीत पाच दारांसमोर पाच वेळा लिहिलेल्या होत्या, आणि खाली त्यांची सही.